मामाजींच्या पाइपावरचा करवती काठ

‘हो’ म्हणायला माणसाला किती वेळ लागतो? नागपुरात प्रताप नगरला राहणाऱ्या संजीव हेडाऊला तर तेवढाही लागला नाही, कारण त्याने ‘हो’ म्हटलंच नव्हतं. तोंडात पोळीचा घास होता, सासूबाई काहीतरी विचारत होत्या आणि त्याची मान आपोआप वरून खाली हलली, एवढंच. (लग्नाला अठरा वर्षं झालेल्या माणसाची मान तशी सैलच असते.) पुढचे वीस तास बिचाऱ्याने जे भोगलं, ते त्या हललेल्या मानेपायी.

झालं होतं असं. त्या शनिवारी सकाळी धंतोलीतल्या एका दवाखान्यात संजीवच्या सासऱ्यांच्या, म्हणजे मारोतरावांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी दुसऱ्या दिवशी दहा वाजता निघणार होती. उमरेडला जाऊन परत येण्यापेक्षा एक रात्र मुलीकडे काढावी, म्हणून म्हातारा-म्हातारी प्रताप नगरला मुक्कामाला आले. मारोतराव आतल्या खोलीत हिरवी पट्टी लावून झोपले होते. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच, त्याने त्यांना फक्त उजेड आणि सावली कळायची. थोडक्यात, घरातला सगळ्यात तिखट माणूस वीस तासांसाठी आंधळा झाला होता, आणि संजीवला अठरा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यासमोर बिनधास्त जेवता येत होतं.

तेवढ्यात भागीरथाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पदराआडून मारोतरावांचा तंबाखू ओढायचा लाकडी पाइप काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"जवाईबापू, तुमी कारखान्यात लोखंडावर कोरता नं? मंग याच्यावर आपला करवती काठ कोरून द्या. उद्या पट्टी निघाली का त्याइले पह्यली वस्तू हेच दिसली पायजे."

मान हलली ती इथे. मग घास गिळला गेला आणि संजीवला आपण काय करून बसलो ते कळलं.

"मामी, हा पाइप... मामाजींचा?"

"मंग काय शेजाऱ्याचा हाय?"

"त्याइले विचारलं?"

"विचारून कोनी सरप्राइज देते काय?" भागीरथाबाई जरा जवळ सरकल्या. "अन् हात राखून नोका कोरू. चांगला गोल भरून टाका. जुना पाइप वळखूच आला नाई पायजे, असा नवा करा."

हे शेवटचं वाक्य संजीवला जरा चमत्कारिक वाटलं. पण भीतीने माणसाचे कान अर्धवटच चालतात, त्यामुळे त्याने ते सोडून दिलं.

आता हा पाइप म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. मारोतराव उमरेडच्या कोष्ट्याच्या घरातले. बाप हातमागावर करवत काठी लुगडी विणायचा, म्हणजे काठाला करवतीसारखे दाते असलेली. बाराव्या वर्षी मारोतराव मागावर बसले. पुढे नागपूरच्या गिरणीत लागले आणि तीस वर्षं कापड तपासनीस होते. बिनडागाचं कापड ‘फ्रेश’, एखादा धागा चुकला असेल तर ‘सेकंड’. बोटांत कापड धरलं की डोळे मिटून सांगायचे. रिटायर झाले तेव्हा गिरणीच्या विव्हिंग मास्तरने स्वतःचा लाकडी पाइप त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, मारोतराव, तुमच्यासारखा चेकर पुन्हा होणे नाही. त्या दिवसापासून पाइप तोंडातून निघाला नाही. आठ वर्षांपूर्वी डॉक्टरने तंबाखू बंद केली, तरी रिकामा पाइप तोंडात धरून ते जगाची तपासणी करत बसायचे.

त्या तपासणीत संजीवही सापडला होता. अठरा वर्षांपूर्वी रुचिकाला पाहायला तो उमरेडला गेला, तेव्हा मारोतरावांनी त्याला नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. जवळ बोलावलं, शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळली, मग त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "माल सेकंडचा हाय. पन चालून जाईन."

लग्न झालं. पण मारोतरावांनी त्याला जवाईबापू कधी म्हटलं नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी म्हणून ‘हिंगणेवाले’ म्हणायचे. "हिंगणेवाले, पानी पाठवा." "हिंगणेवाले आले काय?" संजीव मनातल्या मनात अठरा वर्षं वाट पाहत होता, की कधीतरी हा माणूस आपल्याला जवाईबापू म्हणेल. आणि आता त्याच माणसाच्या जिवापाड जपलेल्या पाइपावर हत्यार चालवायचं होतं. सरळ उतरलं तर जवाईबापू, वाकडं गेलं तर... वाकडं गेलं तर काय, हा विचार त्याने पूर्ण केला नाही.

हत्यार घरीच होतं. कारखान्यात लोखंडावर कोरायचा जो विजेचा पेन असतो, त्याला सगळे भुंगा म्हणतात, कारण तो तसाच गुणगुणतो. अपार्टमेंटच्या गणेश मंडळाच्या पातेल्यांवर नावं टाकायला संजीवने गेटपास काढून तो आणला होता.

तो मागच्या गॅलरीत बसला. कागदाची पट्टी पाइपाच्या वाटीभोवती गुंडाळली, तिचे चोवीस भाग पाडले, पेन्सिलने चोवीस त्रिकोण काढले. मग शंका आली.

"मामी," तो कुजबुजला, "दाते वर का खाली?"

"लुगड्याच्या पोटाकडं."

"पाइपाचं पोट कुठी असते?"

"अगाई! तुमाले माहीत नाई तं मले काय माहीत?"

पोट खाली असावं असं ठरवून संजीवने भुंगा सुरू केला. घर्रर्र! लगेच आतून आवाज आला.

"कायचा आवाज हाय?"

संजीवने भुंगा बंद केला. रुचिका स्वयंपाकघरातून ओरडली, "मिक्सर हाय, बाबा!"

"काय वाटून राहिली?"

"चटणी!"

"मंग जेवनात काहून नोती?"

रुचिकाला त्या दिवशी खरोखर दोन वाट्या शेंगदाण्याची चटणी वाटावी लागली. मिक्सर सुरू झाला की संजीव कोरायचा, बंद झाला की तोही थांबायचा. पण काय सांगू, काठ उतरला मात्र झकास! एकेक दाता टोकदार, एका रेषेत. भीतीने हात थरथरेल असं त्याला वाटलं होतं, उलट भीतीनेच तो स्थिर झाला होता. शेवटचा दाता तेवढा जरा चेपून बसवावा लागला, पण तो मागच्या बाजूला होता. संजीवने भुसा फुंकला, पाइप उजेडात फिरवून पाहिला आणि मोठा श्वास सोडला.

घात त्या श्वासाने केला. भीती गेली, आणि तिच्याबरोबर शुद्धही गेली.

संजीवचं कारखान्यातलं काम असं : टेबलावर उजवीकडून गिअरचे नग येतात. चांगल्या नगाला ब्रशने हिरवा ठिपका. भुंगा उचलायचा तो फक्त वाईट नगासाठी. नग उलटा करायचा, बुडाला इंग्रजीत ‘रिजेक्ट’, खाली तारीख, खाली तपासनिसाचा नंबर चौदा, आणि नग डाव्या हाताच्या लाल ट्रेमध्ये. एकोणीस वर्षं. दिवसाला पन्नास-साठ तरी. त्या हाताला भुंग्याचा दुसरा उपयोगच ठाऊक नव्हता.

तर त्या हाताने पाइप उलटा केला, बुडाला ‘रिजेक्ट’ कोरलं, तारीख टाकली, चौदा लिहिलं, पाइप डावीकडे कांद्याच्या टोपलीत फेकला आणि पुढच्या नगासाठी तो उजवीकडे गेला. उजवीकडे रुचिकाने ठेवलेला चहाचा कप होता. संजीवने तो उचलून उलटा केला.

गरम चहा मांडीवर सांडला तेव्हा तो शुद्धीवर आला. आधी कपाकडे पाहिलं. मग टोपलीकडे. मग कांद्यांतून पाइप काढला, उलटा केला, आणि त्याचं धाबं दणाणलं. अक्षरं अगदी सुबक आली होती. (पाचवी ते दहावी सुलेखनात त्याला कधी पस्तीसच्या वर गुण पडले नव्हते.)

"रुचिका!" त्याच्या तोंडून जेमतेम आवाज फुटला. "अवं, इकडं ये लवकर. मामीले नोको आनू."

रुचिका आली. तिने वाचलं. आधी तिला हसू आलं, इतकं की तिने पदर तोंडात कोंबला. मग आतून मारोतरावांचा खोकला ऐकू आला आणि हसू झटकन गेलं.

"हे काय केलं तुमी? बाबांच्या पाइपावर रिजेक्ट?"

"मी नाई केलं, हातानं केलं."

"हात कोनाचा होता?"

"घासून काढू काय?"

"खोल गेलं हाय. घासाल तं बुडाले भोक पडन."

मग नवराबायकोने गॅलरीचं दार लावून घेतलं आणि कॉफी पावडर डिंकात कालवून ती अक्षरांत भरली. रंग जुळला. बूड सपाट दिसायला लागलं, आता फक्त वाळायचं बाकी होतं. "हात नोका लावू देऊ कोनाले," रुचिका म्हणाली, "उद्याचा दिवस निघून जाईन."

पण संध्याकाळ निघायची होती. दिवेलागणीला मारोतराव पलंगावर उठून बसले आणि हात पुढे केला.

"माहा पाइप."

भागीरथाबाईंनी संजीवकडे पाहिलं, संजीवने रुचिकाकडे, आणि रुचिकाने भिंतीकडे. ओली कॉफी अजून पुरती वाळली नव्हती. संजीव स्वयंपाकघरात धावला. छोट्या पाइपासारखं लाकडाचं काय मिळेल? पुढे गोळा, मागे दांडी... वरण घोटायची घोटणी! आकाराने जरा लांब, पण आंधळ्या माणसाला किती कळणार? त्याने ती धुऊन मारोतरावांच्या हातात दिली.

मारोतरावांनी बोटं फिरवली. एकदाच. मग ती नाकाशी नेली.

"हिंगणेवाले."

"जी, मामाजी."

"याले वरनाचा वास येते."

मारोतरावांनी घोटणी शांतपणे उशाशी ठेवली, आडवे झाले आणि म्हणाले, "राहू द्या. उद्या डोळा उघडला का पाहू."

‘पाहू’ हा शब्द त्यांनी अशा काही स्वरात उच्चारला, की संजीवला त्या रात्री झोप लागली नाही, हे सांगायची गरज नाही. तो उताणा पडून गणित करत होता. आजवर मामाजींना धूसर दिसायचं, म्हणून आपण निभावलो. उद्या नवं भिंग, आणि त्यातून पाहायची पहिली वस्तू कोणती? आपण रिजेक्ट केलेला त्यांचा पाइप!

रविवारी सकाळी दहाला दवाखान्यात मारोतराव खुर्चीवर, बाजूला भागीरथाबाई पदरात पाइप घेऊन, मागे रुचिका आणि दाराजवळ, पळायला सोपं जावं अशा बेताने, संजीव. डॉक्टरीणबाई पट्टी सोडू लागल्या. तेवढ्यात भागीरथाबाईंना वाटलं, की पाइप जरा चमकला पाहिजे. त्यांनी पदराने तो खसाखसा पुसला. वरून पुसला, बाजूने पुसला, बुडाशी तर अंगठा दाबून पुसला. संजीव दारातून पाहत होता. पदरातून कॉफीचे बारीक खडे फरशीवर पडले, आणि त्याने दाराची चौकट घट्ट धरली.

"हं, आजोबा, आता हळूच उघडा डोळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

मारोतरावांनी डोळा उघडला. भागीरथाबाईंनी पाइप समोर धरला. संजीवने पाहिलं तर म्हातारीचा चेहरा त्याच्याहूनही पांढरा पडला होता. हिला काय झालं, असं त्याच्या मनात आलं, पण दुसऱ्याच्या भीतीची चौकशी करायची ती वेळ नव्हती.

मारोतरावांनी पाइप घेतला. डोळ्याजवळ नेला, लांब धरला, हळूहळू फिरवला. काठाच्या दात्यांवरून नख नेलं.

"तेवीस दाते बराबर हायेत," ते म्हणाले. "चोविसावा कोंबला."

संजीवने मान खाली घातली.

"पन काठ आपलाच हाय." आवाज जरा ओला झाला होता. "माह्या बापाच्या लुगड्यावर असाच होता. कोनी कोरला?"

"जवाईबापूनं," भागीरथाबाई घाईघाईने म्हणाल्या. "सारा त्याइनंच कोरला. पाइप पार बदलून गेला नं? वळखूच येत नाई, नाई?"

मारोतरावांनी पाइप उलटा केला.

संजीवला त्या क्षणी वाटलं, भूकंप व्हावा. मोठा नको, फक्त धंतोलीपुरता. मारोतराव वाचत होते. त्यांनी डोळा बारीक केला, पुन्हा वाचलं. मग मान वर न करता म्हणाले, "रुचिका, आईले घेऊन खाली जा. डोळ्यात टाकाचे थेंब घेऊन ये. हिंगणेवाले, तुमी थांबा."

दोघी गेल्या. रुचिकाने जाता जाता नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आता पुन्हा भेट होईल न होईल.

"दार लावा."

संजीवने लावलं.

"चौदा नंबर कोन?"

"मी, मामाजी. मामाजी, माह्याकडून..."

"हळू बोला." मारोतरावांनी त्याची बाही धरून त्याला खाली वाकवलं. अठरा वर्षांनी तीच दोन बोटं त्याच बाहीवर! "कसं वळखलं तुमी?"

"काय?"

"का हा डुप्लिकेट हाय म्हनून."

संजीवला काहीच समजेना. मारोतराव दाराकडे नजर ठेवून कुजबुजत होते.

"डाक्टरनं तंबाकू बंद केला, त्या दिवशी तुमच्या सासूनं रागारागात मास्तरचा पाइप बंबात टाकला. मंग घाबरली. मी झोपलो होतो, तिले वाटलं मले काई समजलं नाई. दुसऱ्या दिवशी बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरून हा आनून जागेवर ठेवला. मी हातात घेतला का समजून गेलो. लाकूड वेगळं, वजन वेगळं. पन बिचारी चार दिवस धड जेवली नोती. काय बोलाव? आठ वर्सं झाली, हाच चोखून राहिलो." ते थांबले. "ऑपरेशन ठरलं तवापासून तं तिच्या जीवाचं पानी पानी झालं. बुढा आता पाहीन अन् वळखीन. म्हनून तुमाले कोराले लावलं तिनं."

संजीवच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चांगला गोल भरून टाका. जुना वळखूच आला नाई पायजे. म्हणजे पकडलं गेलं तर कोणाच्या हाताने बदललेला पाइप? जावयाच्या!

"साऱ्या घरात कोनी वळखलं नाई," मारोतराव म्हणाले. "तुमी वळखलं, अन् तोंडानं न बोलता शिक्का मारला. याले म्हनतात चेकर! सांगा नं, कसं वळखलं?"

खरं सांगायची हीच वेळ होती. संजीवचे ओठसुद्धा हलले. पण समोर मारोतराव त्याच्याकडे असं पाहत होते, जसं त्यांनी अठरा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

"हातानंच झालं, मामाजी," तो म्हणाला. (यात एक अक्षरही खोटं नव्हतं.)

"शाब्बास, जवाईबापू!"

संजीवच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ऑपरेशन मारोतरावांचं, आणि पाणी जावयाच्या डोळ्यांत.

"पन तिले नोका सांगू," मारोतराव पाइप तोंडात धरत म्हणाले. "तिले इंग्रजी येत नाई. बुडाले काय लिहलं म्हनून विचारलं तं सांगू, पासचा शिक्का हाय. अन् खरं सांगू काय? मले भेव वाटते तिचा." एवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली आणि ते दचकून सरळ बसले. "तुमचं ते कोराचं मशीन आठ दिवस माह्याकडं ठेवा. घरच्या भांड्यांवर नावं टाकाची हायेत."

संजीवने सोमवारी गेटपासची मुदत वाढवून घेतली. जवाईबापूंना नाही कसं म्हणता येईल स्वतःच्या सासऱ्याला!

पुढच्या रविवारी तो रुचिकाला घेऊन उमरेडला गेला, तो छाती काढूनच. मारोतराव दारात उभे होते. "या, जवाईबापू!" त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं. भागीरथाबाई आठवडाभरात दोन किलो तरी वाढल्या असाव्यात, इतक्या खुशीत होत्या. पाट मांडला. नवंकोरं स्टीलचं ताट आलं. मधोमध वरण-भाताचा डोंगर, बाजूला वांग्याची भाजी, लोणचं, चटणी.

"तुमच्या नावाचं ताट हाय," मारोतराव पाइप तोंडात धरून समोर बसत म्हणाले. "मी सोता कोरलं. जेवा."

संजीव जेवू लागला. भाताचा डोंगर एका बाजूने कमी झाला तशी खालून अक्षरं डोकावली : जवाईबापू. सुबक, रेखीव, सभोवती करवती काठ. त्याने दाते मोजले, चोवीसच्या चोवीस बरोबर. त्याचा ऊर भरून आला. त्याने रुचिकाला खुणेने दाखवलं. मोठ्या प्रेमाने त्याने आणखी चार घास घेतले, आणि दुसरी ओळ उघडी पडली.

‘सेकंड. चालवून घेतला.’

खाली तारीख होती, त्यांच्या लग्नाची.

संजीवने मान वर केली. मारोतराव एका डोळ्याने त्याच्याकडे पाहत होते, आणि तो नवा, स्वच्छ डोळा जरासा हसत होता. म्हणजे आपण काहीच ओळखलं नव्हतं, नुसता घोळ घातला होता, हे या माणसाला समजलं होतं. कधीपासून? बहुधा ‘हातानंच झालं’ म्हटलं तेव्हापासून. कदाचित घोटणीपासूनच. ताटाच्या कडेला थोडा भात उरला होता आणि त्याच्याखाली अजून एक ओळ होती. त्याने ती उघडी करायला नको होती, पण तपासनिसाचा हात, तो राहतोय थोडाच! त्याने बोटाने भात बाजूला सारला.

‘दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर फेरतपासणी.’

"काहून गा जवाईबापू, थांबले काहून?" मारोतरावांनी विचारलं. "काई पायजे काय?"

"भात," संजीव म्हणाला. "मामी, अजून भात वाढा. नाई, तिथी नाई. इकडं, या अक्षरांवर."